दिवेलागणीला जन्मलेली माणसं

सेलूत मोंढ्याच्या मागं, खताच्या दुकानावरच्या खोलीत
माझं टेबल आहे, आणि एक पंखा
जो फक्त तीनवर चालतो.
पलीकडच्या जिनिंगचा भोंगा चार मिनिटं मागं आहे.
गल्लीला ते माहीत आहे,
गल्ली चार मिनिटं मिळवून जगते.

काम साधं होतं. पेन्शनची यादी
जुन्या वह्यांतून नव्या तक्त्यात.
एक हजार आठशे बारा म्हातारी माणसं.
पहिल्याच फेरीत सगळी एका दिवसानं मोठी झाली.

वहीत निम्म्यांची जन्मतारीख एक जून.
मास्तरांनी विचारलं असेल, कधीचं पोर?
बाप म्हणाला असेल, काय की.
ज्यांना शाळा नव्हती त्यांना पुढं
शिबिरातल्या कंप्युटरवाल्या पोरानं तोच दिवस दिला.
पण माझ्या पडद्यावर एकतीस मे,
संध्याकाळचे साडेसहा.

चहा गार झाला तेव्हा उमगलं.
मी तारीख दिली होती, यंत्रानं क्षण घेतला.
तारखेसोबत वेळ नाही म्हणून मध्यरात्र धरली,
आणि ती उचलून नेली जगाच्या सामाईक घड्याळात,
साडेपाच तास मागं.
बरेचसे देश पूर्ण तासांवर उभे आहेत,
आपण साड्यावर.
सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच
ज्या भाषेनं पोटाशी धरले
तिला त्याचं काय नवल.
यंत्राच्या यादीत सेलू नाही, परभणीही नाही;
आमची वेळ कोलकात्याच्या नावावर लागते.

साडेसहा.
म्हणजे अख्खा तालुका
ऐन दिवेलागणीला जन्मला होता,
उंबऱ्यात लक्ष्मी यायच्या वेळी,
दाराची एक फळी उघडी असताना.
खोटं कशाला सांगू, दुरुस्त करायचं जिवावर आलं.

त्यातही पाच-सहा जणं साडेपाचला.
तासभर आधी, उन्हं असताना.
अर्धा दिवस माझीच चूक शोधत बसलो.
चूक नव्हती. लढाईच्या सालांत
घड्याळं तासभर पुढं सरकवली होती,
यंत्राला ते आठवत होतं.
दुधनाकाठच्या चतुराबाई शेरकरांना नव्हतं.

त्या खाली दुकानात आल्या होत्या, कागद घेऊन.
वर बोलावलं. पायऱ्या मोजत आल्या.
म्हटलं, आजी, तुमचा जन्म एक जूनचा?
'कशाचा जून, लेकरा.
माय सांगायची, हुरडा होता. आगटी पेटलेली.
पहाटचं झाले म्या.'
वार कोणता?
'सोमवार.'
रविवारची रात्र सरून का सोमवारची?
माझ्याकडं पाहिलं त्यांनी, जसं पाहतात
शिकून वाया गेलेल्या पोराकडं.
'उजाडलं न्हाई तवर सोमवारच की.'

या उत्तराला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
मी मध्यरात्रीला दिवस मोडतो,
त्या उजाडल्यावर.
मधले सहा तास कुणाचे, आम्ही दोघांनी विचारलं नाही.

जाताना म्हणाल्या, 'परवा आलते तर कुलूप होतं.
परवा येते.'
एकच शब्द. त्याला अधिक नाही, उणे नाही,
आणि मला दोन्ही वेळा बरोबर कळलं.

रात्री एका ओळीत काम झालं.
वेळ काढून टाकली. नुसती तारीख ठेवली,
घड्याळ नसलेली, देश नसलेली.
जन्माच्या मनगटावर घड्याळ बांधू नये,
इतकंच शिकलो, बारा वर्षांच्या नोकरीत.
एक हजार आठशे बारा माणसं
मुकाट एक जूनला परत गेली.

फक्त चतुराबाईंच्या नोंदीवर,
यंत्र वाचत नाही अशा खुणेच्या मागं,
मी लिहून ठेवलंय: हुरडा. आगटी. सोमवारच.
उद्या कुणी ही फाईल उघडली तर विचारेल,
हे काय आहे.
त्याला सांगायचं काय ते अजून ठरलं नाही.
भोंगा झालाय, म्हणजे साडेनऊ वाजून गेले,
चार मिनिटांपूर्वीच.